बंद दुकान आणि पाचवे शील

नवदीक्षित उपासक-उपासिकांनो,

पंचशीलांपैकी पाचवे शील हा आजच्या पाठाचा विषय आहे. हे शील आपण प्रत्येक वंदनेत म्हणतो. लहान मुलांनाही ते पाठ असते. परंतु पाठ असणे वेगळे आणि पाळणे वेगळे. या दोहोंतील अंतर किती असते, हे २०२० सालच्या टाळेबंदीने आपल्या डोळ्यांसमोर आणून ठेवले. म्हणून त्या चाळीस दिवसांच्या आधारेच आपण हे शील समजून घेऊ.

त्या दिवसांत काय घडले?

कोरोनाच्या साथीमुळे २४ मार्च २०२० च्या मध्यरात्रीपासून सबंध देशात टाळेबंदी सुरू झाली. कारखाने, बाजार, रेल्वेगाड्या थांबल्या. विहारांचीही दारे बंद झाली. त्यासोबत दारूची दुकाने आणि बारही बंद झाले. १५ एप्रिलला केंद्र सरकारने काढलेल्या आदेशात तर दारू, गुटखा व तंबाखू यांच्या विक्रीवर कडक बंदी घालावी, असे स्पष्टच म्हटले होते. २५ मार्चपासून ३ मेपर्यंत मोजले तर हे चाळीस दिवस होतात.

जे काम कित्येक वर्षांच्या उपदेशाने झाले नव्हते ते एका रात्रीत झाले, असे पुष्कळांना वाटले. ज्या घरात रोज संध्याकाळी भांडण होत असे तेथे काही दिवस शांतता नांदली. १४ एप्रिलला बाबासाहेबांची जयंती आली. मिरवणूक नाही, मंडप नाही. घरोघरी फोटोपुढे मेणबत्ती लावून कुटुंबांनी वंदना घेतली. त्या दिवशी अनेक घरांतील कर्ता पुरुष शुद्धीवर होता, ही गोष्ट त्या घरातील बाईलाच ठाऊक.

पुढे ४ मे उजाडला. अटी घालून दुकाने उघडण्यास परवानगी मिळाली. एका वेळी दुकानात पाचांहून अधिक माणसे नकोत आणि दोघांमध्ये सहा फुटांचे अंतर हवे, असा नियम होता. तो पहिल्या तासातच मोडला. सकाळपासून शहराशहरांत लांबच लांब रांगा लागल्या. मुंबईत एवढी गर्दी लोटली की दोन दिवसांत महापालिकेला दुकाने पुन्हा बंद करावी लागली. दिल्लीत ५ मेपासून दारूच्या छापील किमतीवर ७० टक्के जादा आकार बसवला गेला. आंध्र प्रदेशात दोन दिवसांत मिळून ७५ टक्के दर वाढवला. तरीही रांग हटली नाही. महाराष्ट्रात १५ मेपासून घरपोच दारू देण्याची सोय झाली.

आणि ७ मे रोजी, म्हणजे दुकाने उघडल्यानंतर तिसऱ्याच दिवशी, बुद्ध पौर्णिमा होती. विहार बंद होते. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली. म्हणजे दारूचे दुकान आधी उघडले आणि विहार सहा महिन्यांनी. याबद्दल सरकारला दोष देता येईल आणि पुष्कळांनी तो दिलाही. परंतु आपल्याला आज निराळा प्रश्न विचारावयाचा आहे. चाळीस दिवस ज्याने दारू घेतली नाही त्याने पाचवे शील पाळले काय?

शब्दांचा अर्थ

उत्तर शोधण्यासाठी शीलातील शब्द एकेक करून पाहू.

*सुरा* म्हणजे धान्य आंबवून केलेले मद्य. *मेरय* म्हणजे फुले, फळे, मध, गूळ यांपासून केलेले मद्य. आपल्याकडील मोहाची दारू यात येते. *मज्ज* म्हणजे मद आणणारा कोणताही पदार्थ. तेव्हा देशी घेत नाही, फक्त बिअर घेतो, अशी पळवाट या शीलात नाही. गांजा, भांग, नशेच्या गोळ्या यांनाही ते लागू पडते.

पुढचा शब्द महत्त्वाचा आहे: *पमादट्ठान*. पमाद म्हणजे बेसावधपणा, गाफीलपणा. ठान म्हणजे स्थान, आधार. दारू हे बेसावधपणाचे घर आहे, म्हणून ती वर्ज्य. ती कोणा देवाला आवडत नाही म्हणून नव्हे, किंवा शिवल्याने विटाळ होतो म्हणूनही नव्हे. बुद्धाच्या शिकवणीचा सगळा डोलारा सावधपणावर, अप्रमादावर उभा आहे. महापरिनिर्वाणाच्या वेळी भिक्खूंना दिलेला अखेरचा उपदेशही अप्रमादाचाच होता. जो शुद्धीवर नाही तो बाकीची चार शीले तरी कशी सांभाळणार? हिंसा, चोरी, व्यभिचार आणि खोटे बोलणे या चारही गोष्टींचे दार दारू उघडून देते.

*वेरमणी* म्हणजे विरती, स्वतःहून दूर राहणे. *सिक्खापद* म्हणजे शिक्षणाचे पाऊल. आणि शेवटी *समादियामि*, म्हणजे मी ग्रहण करतो. हे क्रियापद प्रथमपुरुषी आहे. ‘तू पिऊ नकोस’ अशी ही आज्ञा नाही. माणूस स्वतः, समजून, उघड्या डोळ्यांनी हे शील अंगावर घेतो.

आता आपल्या प्रश्नाचे उत्तर सोपे झाले. दुकान बंद म्हणून जो प्यायला नाही त्याच्या बाबतीत दारू त्याच्यापासून दूर राहिली. तो दारूपासून दूर राहिला नाही. दुकानाला बाहेरून कुलूप होते. शील म्हणजे आपल्या दाराला आपणच आतून घातलेली कडी.

नियम आणि तत्त्व

बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिभेदाचे निर्मूलन’ या भाषणात नियम आणि तत्त्व यांतील भेद सांगितला आहे. नियम काय करावे ते ठरवून देतो आणि माणूस ते सवयीने करतो. तत्त्व मात्र माणसाला विचार करावयास लावते आणि कृत्याची जबाबदारी त्याच्यावर टाकते. धर्म हा तत्त्वांचा असला पाहिजे, नुसत्या नियमांचा नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

पुढे नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडू येथे जागतिक बौद्ध परिषदेत बोलताना त्यांनी बुद्धाचा मार्ग आणि बळजबरीचा मार्ग यांची तुलना केली. बुद्धाचा मार्ग माणसाचे मन पालटण्याचा आहे. मन पालटले की माणूस योग्य ते आपण होऊन करतो. बळाने बसवलेली गोष्ट बळ असेपर्यंतच टिकते. बळ काढून घेतल्यावर ती कशाच्या आधाराने टिकणार, हा त्यांचा सवाल होता.

४ मे २०२० ची रांग हे त्या सवालाचे रोकडे उत्तर होते. पोलिसाची काठी दूर झाली आणि चाळीस दिवसांची दारूबंदी एका सकाळीत वाहून गेली.

याचा अर्थ कायदा निरुपयोगी आहे असा कोणी घेऊ नये. संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. महाराष्ट्रात गावोगावच्या स्त्रियांनी ‘आडवी बाटली’साठी मतदान करून दुकाने हटवली, हे मोठे काम आहे. परंतु चंद्रपूर जिल्ह्याचे उदाहरण पाहा. तेथे १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती. २०२१ साली ती सरकारनेच उठवली. सरकारने दिलेले सरकार काढून घेऊ शकते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतील सतरावी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे. ती मात्र कोणत्याही मंत्रिमंडळाला उठवता येत नाही. ती फक्त आपल्यालाच मोडता येते.

सागत भिक्खूची गोष्ट

विनयपिटकात एक प्रसंग आहे. कोसंबीजवळ अम्बतित्थ येथे एका भयंकर नागाची लोकांना दहशत होती. सागत नावाच्या भिक्खूने त्याला वठणीवर आणले. कथेतील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी एवढे खरे की सागत हा सामर्थ्यवान आणि आदरणीय माणूस होता. त्याची कीर्ती कोसंबीत पोहोचली. उपासकांनी कौतुकाने ठरवले की याला काहीतरी दुर्मिळ वस्तू द्यावी. काही उनाड भिक्खूंनी सुचवले, मद्य द्या. सागत भिक्षेला निघाला तेव्हा घराघरातून त्याला मद्य मिळाले. परतताना तो नगराच्या वेशीतच कोसळला. भिक्खूंनी उचलून आणून त्याचे डोके भगवान बुद्धांकडे करून निजवले. तो नशेत उलटा फिरला आणि त्याने बुद्धांकडे पाय केले.

बुद्धांनी त्याला लाथाडले नाही, हाकललेही नाही. त्यांनी भिक्खूंना विचारले, पूर्वी हा आदराने वागत असे ना? आता वागतो का? ज्याने नागाला जिंकले तो आता साध्या पाणसापाला तरी आवरू शकेल का? जे प्याल्याने भान जाते ते प्यावे का? आणि त्यानंतर भिक्खूंसाठी मद्यपानाविरुद्ध नियम झाला.

या गोष्टीतून आपण तीन धडे घ्यावयाचे. पहिला, दारू दुबळ्यालाच पाडते असे नाही. ती सामर्थ्यवानालाही पाडते. दुसरा, सागताला पाडणारे त्याचे वैरी नव्हते. प्रेमाने, मानपानाने ओतणारी भली माणसे होती. आपल्याकडेही लग्नात, हळदीला, जत्रेत, पाहुणचारात जी दारू पुढे येते ती अशीच प्रेमाने येते. जुन्या घरात देवाला बोकडासोबत दारूचा निवद होता, मयतीच्या दिवसांत बाटली होती. दीक्षा घेताना देव्हारा उतरवला; पण ती बाटली मानाच्या नावाखाली घरात राहून गेली काय, हे ज्याने त्याने तपासावे. सिगालोवाद सुत्तात बुद्धांनी पिण्यापुरता सोबती असणाऱ्याला खोट्या मित्रांत गणले आहे. तिसरा धडा असा की, पडलेल्या माणसाविषयी तिरस्कार नको. बुद्धांनी प्रश्न विचारून विचार जागा केला.

बळाने तोडल्यास धोका

हा तिसरा धडा टाळेबंदीत फार महाग पडून शिकावा लागला. पुष्कळ वर्षे रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दाबाखाली राहतो. तो दाब झेलण्यासाठी मेंदू आपली चेतना वाढवून ठेवतो. दारू एकाएकी थांबली की दाब जातो आणि वाढलेली चेतना मोकाट सुटते. पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, ओकारी येते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फेफरे येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, नसलेले दिसते, ताप चढतो. यात उपचार न मिळाल्यास माणूस दगावतो.

केरळात टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात दारू न मिळाल्याने काही जणांनी आत्महत्या केल्याच्या बातम्या आल्या. तेथील सरकारने ३० मार्च २०२० ला डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला. उच्च न्यायालयाने २ एप्रिलला त्याला स्थगिती दिली. डॉक्टरांचे म्हणणे असे होते की, या त्रासावर दारू हे औषध नाही. त्याची औषधे निराळी आहेत आणि ती रुग्णालयात देता येतात.

दुसरीकडे, दारू मिळत नाही म्हणून काहींनी हात धुण्याचे सॅनिटायझर प्यायले. आंध्र प्रदेशात प्रकाशम जिल्ह्यातील कुरिचेडू येथे जुलै २०२० अखेर दहाहून अधिक माणसे त्यामुळे मेली. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वणी येथे एप्रिल २०२१ मध्ये तसेच बळी गेले. इराणमध्ये दारूने कोरोना मरतो या अफवेपायी विषारी मिथेनॉल पिऊन शेकडो लोकांनी प्राण गमावले. मिथेनॉलने प्रथम दृष्टी जाते, नंतर जीव. हातभट्टीच्या दारूत हेच मिथेनॉल मिसळले गेल्याने जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसे मेली होती.

म्हणून लक्षात ठेवा. व्यसन ही केवळ चूक नव्हे, तो आजारही आहे. ज्या बुद्धाने दुःखाचे कारण शोधून त्यावर मार्ग सांगितला, त्याच्या अनुयायाने दवाखान्यात जाण्याची लाज बाळगू नये. अंगारा, गंडा, नवस यांकडे वळणे ही लाजेची गोष्ट होय.

नेहमीच्या शंका

*‘सरकारने दुकान उघडले, परवाना दिला, मग आम्ही घेतली तर चूक काय?’*
कायद्याने जे गुन्हा नाही ते सगळे कुशल होत नाही. कायदा समाजाला लागू असतो. शील आपण मागून घेतलेले असते.

*‘थोडी घेतली तर काय बिघडते?’*
जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की, आरोग्याला निर्धोक असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही. निदान सात प्रकारच्या कर्करोगांशी तिचा संबंध आहे. आणि पमादाला थोडे-अधिक नसते. थोड्यातूनच अधिक होते.

*‘दिवसभर राबतो, अंग दुखते. थकवा कशाने जाणार?’*
हा प्रश्न खरा आहे, त्याला हसू नये. पण हिशेब मांडा. रोजचे ६० रुपये धरले तर महिन्याचे १,८०० आणि वर्षाचे २१,९०० रुपये होतात. तेवढ्यात मुलाची पुस्तके, घरातले दूध आणि अडीअडचणीची शिल्लक निघते. दारू थकवा घालवीत नाही. थकवा कळू देत नाही, आणि दुसऱ्या दिवशी व्याजासह परत करते. सिगालोवाद सुत्तात सांगितलेल्या सहा हानींत धनाचा नाश ही पहिली आहे. कलह, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीची दुर्बलता या पुढच्या पाच.

कुटुंबाने काय करावे?

१. शील सर्वांनी मिळून घ्यावे. आठवड्यातून एकदा घरात वंदना झाल्यावर पाचव्या शीलाचा अर्थ मुलांच्या तोंडून म्हणवून घ्यावा. विहार बंद असताना घरच विहार झाले होते, हे विसरू नये.

२. रोज पिणाऱ्याला कोंडून किंवा बांधून दारू सोडवू नये. वर सांगितलेली लक्षणे दिसताच सरकारी रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टरला तो किती वर्षे, किती पितो हे खरे सांगावे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. पुण्याचे मुक्तांगण केंद्र १९८६ पासून हे काम करीत आहे.

३. ज्याने सोडली त्याला एकटे सोडू नये. संध्याकाळची वेळ त्याला जड जाते. त्या वेळी विहाराची झाडलोट, मुलांचा अभ्यास, वाचन असे काम त्याच्याकडे द्यावे. तो एकदा घसरला तर ‘आता संपले’ असे म्हणू नये. सिक्खापद म्हणजे शिक्षणाचे पाऊल. शिकणारा पडतो आणि पुन्हा समादियामि म्हणतो.

४. मारहाण मात्र सहन करू नये. नवरा नशेत होता ही सबब नव्हे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा स्त्रीच्या पाठीशी आहे. बाबासाहेबांनी १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत स्त्रियांना वाईट सवयींपासून दूर राहण्याचा आणि पतीची दासी न होता मैत्रीण होऊन राहण्याचा उपदेश केला होता. करुणा म्हणजे मार खाणे नव्हे.

५. लग्न, हळद, नामकरण, पुण्यानुमोदन या कार्यांत दारू ठेवू नये आणि ‘पाहुण्यांपुरती’ म्हणून कोणाला पैसेही देऊ नयेत. सागताच्या हाती पेला देणारे उपासकच होते.

शेवटी

टाळेबंदीच्या चाळीस दिवसांनी एक गोष्ट मात्र सिद्ध केली. जे म्हणत होते की दारूवाचून एक दिवस जाणार नाही, त्यांच्यापैकी पुष्कळांचे चाळीस दिवस गेले. काहींनी तर ४ मेला रांग लावली नाही. दुकान उघडे होते, खिशात पैसे होते, तरी ते घरी राहिले. त्यांच्या शीलाचा पहिला दिवस २५ मार्च नव्हे, ४ मे होय. कारण त्या दिवशी दार उघडे होते आणि ते आपल्या मनाने थांबले.

तुमच्या घरासमोरचे दुकान आज उघडे आहे आणि उद्याही उघडेच राहील. ते कधी बंद होईल याची वाट पाहू नका. आतून कडी घाला. ज्या धम्मात आपण माणूस म्हणून ताठ उभे राहण्यासाठी आलो, त्यात शुद्धीवर उभे राहणे ही पहिली पायरी आहे.

*अभ्यासासाठी प्रश्न*

१. ‘पमादट्ठान’ या शब्दाचा अर्थ सांगा. दारू का वर्ज्य आहे?
२. दुकान बंद असल्याने न पिणे आणि ‘वेरमणी’ यांत काय फरक आहे?
३. सागताच्या गोष्टीत उपासकांची चूक कोणती? आपल्या घरातील कोणत्या कार्यात ती चूक होते?
४. एकाएकी दारू सोडणाऱ्यात कोणती लक्षणे दिसल्यास रुग्णालयात न्यावे?

नमो बुद्धाय! जय भीम!